आधी मान

बाळाला न्हाऊ घालायला शिकवणाऱ्या वर्गात तिच्या ओल्या हातून सरावाची बाहुली सटकली आणि नवरा सगळ्यांदेखत बोलून गेला, "हिला कसलं जमतंय!" आठवा महिना, त्यात हा टोमणा. सरावाला मिळालेली बाहुली घरी आली, पण तिने तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच.

संध्याकाळी न्हाणीघरात काहीतरी धपकन पडलं. ती गेली, तर नवरा ओलाचिंब, फरशीवरची बाहुली उचलतोय.

"माणसाएवढ्या काचा बसवतो मी," तो खाली मान घालून म्हणाला, "पण हिला धरताना हात थरथरतात गं."

"अरे, आधी मानेखाली हात. आण इकडे."

साबण लावून, पुसून, दुपट्यात गुंडाळून झाल्यावर तिला आठवलं, आपल्याला हे जमत नाही.