भुऱ्याला मिळालेलं घर

"आणि दिवसा घरी कोण असतं?" ताईंनी विचारलं.

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. याच प्रश्नावर भलेभले गारद झाले होते. नवरा-बायको कामावर, मुलं शाळेत, म्हणजे कुत्र्याने दिवसभर भिंतींशी गप्पा मारायच्या. अशांच्या घरून ताई पाणीसुद्धा न पिता उठत. बेवारस कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या त्यांच्या संस्थेत सगळे त्यांना मागून 'फौजदार' म्हणत. ताईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"बाबा असतात ना," घरातला कर्ता मुलगा म्हणाला. "चोवीस तास. ते कुठे जातच नाहीत."

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या वडिलांनी मान डोलावली. ताईंनी सोबत आणलेला भुऱ्या आपल्या तीन पायांवर उड्या मारत त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या काठीशेजारी अंग टाकून मोकळा झाला.

भुऱ्या असा आपण होऊन कुणाजवळ जात नसे. दोन घरांनी त्याला नेऊन परत आणून सोडलं होतं. एका घरी बाळ झालं, दुसऱ्या घरी नवा सोफा आला. दुसऱ्यांदा परत आल्यावर त्याने अन्नच सोडलं. ताईंनी हाताने भरवून त्याला कसाबसा उभा केला. आता तिसऱ्यांदा टाकलं तर हा जगायचा नाही, असं गुरांच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्यामुळे हे घर चुकून चालणार नव्हतं.

"घर बघून घेते," त्या म्हणाल्या आणि बघितलंही. गॅलरीला जाळी होती. वडिलांच्या पलंगाशेजारी जाड गोधडी घातलेली होती, पाण्याचं भांडं जड बुडाचं होतं. न्हाणीघरात घसरू नये म्हणून खडबडीत फरशी बसवली होती, भिंतीला नवी कोरी दांडी होती. कपाटात कुत्र्याच्या खाण्याची पोती वरपर्यंत रचलेली. नावं ठेवायला जागाच नव्हती, आणि ताईंना तर नावं ठेवायची सवय.

"एक आधीच सांगते," त्यांनी आवाज चढवला. "आम्ही कुत्रा देऊन मोकळे होत नाही. दर रविवारी मी येणार. न सांगता."

इथे बहुतेकांचे चेहरे पडत. मुलगा मात्र खुर्चीत पुढे सरकला. "दर रविवारी? किती दिवस?"

"तो जिवंत आहे तोवर."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

"तर दुसरं कुणी येईल. पण येणारच."

"दार उघडलं नाही तर?" दाराशी उभ्या असलेल्या सुनेने विचारलं.

"कुलूप तोडीन. पोलीस घेऊन येईन. मागे एकदा आणलेत."

"आणि औषधपाणी वगैरे?"

"डॉक्टर आमचे. रात्री-अपरात्री फोन करा, माणूस हजर."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. मुलगा म्हणाला, "ताई, आम्हाला हेच हवं होतं. असं कुणी आहे, हेच माहीत नव्हतं."

ताई विरघळल्या. मुक्या जिवावर इतका जीव टाकणारी माणसं त्यांनी फार बघितली नव्हती. त्यांनी भुऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, "शहाण्यासारखा राहा रे," म्हणाल्या आणि मागे न बघता जिना उतरल्या. त्या रात्री कित्येक महिन्यांनी त्यांना शांत झोप लागली.

रविवारी त्यांनी घंटा वाजवली तेव्हा आतून काठीचा आवाज हळूहळू दारापर्यंत आला. वडिलांनी दार उघडलं. त्यांच्या मागे भुऱ्या, शेपूट हलवत.

ताई थेट कामाला लागल्या. कान बघितले, दात बघितले, बरगड्यांवरून हात फिरवला. भुऱ्या चक्क भरला होता.

"जेवतो?"

"माझ्याआधी."

"रडतो का रात्री?"

"पहिल्या रात्री रडला. मग आम्ही दोघं एका खोलीत झोपायला लागलो."

ताई हसल्या. आपण आजवर शोधलेल्या घरांमध्ये हे पहिल्या नंबरचं, असं त्यांच्या मनात आलं, आणि थोडा अभिमानही वाटला. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "मुलगा-सून बाहेर गेलेत वाटतं?"

"गेले. बुधवारी. तिकडे परदेशात दोघांनाही नोकरी लागलीय. मला नेता येत नाही म्हणे."

"परत कधी येणार?"

म्हाताऱ्यांनी भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अहो काका, मग तुमच्याकडे बघणार कोण?"

"तुम्ही," ते म्हणाले. "मुलाने सगळीकडे चौकशी केली होती, ताई. म्हाताऱ्या माणसाला बघायला दर रविवारी कुणी येत नाही. कुत्र्याला बघायला येतात."