रिकामा ड्रम

बुटीबोरीच्या कामगार वसतिगृहामागे त्या सकाळी गॅसची एक टाकी होती, एक शेगडी, लाकडाची एक विझवलेली चूल, धुऊन पालथा घातलेला एक निळा ड्रम आणि तीन माणसं.

टाकीत रोज मेसचं उष्टं आणि वसतिगृहाच्या मैल्याचा गाळ पडायचा. त्यातून निघणाऱ्या गॅसवर कौसल्याबाई साठ जणांचा वरणभात शिजवायच्या. मागच्या महिन्यात साहेब लोक प्लांट पाहायला येणार होते. वास येऊ नये म्हणून कौसल्याबाईंनी संत्र्याच्या सालीच्या दोन टोपल्या टाकीत ओतल्या. साहेबांना वास आला नाही. चौथ्या दिवसापासून गॅसही आला नाही. सालीतल्या तेलानं टाकीतले जिवाणू मेले होते.

तेव्हापासून चूल पेटत होती आणि कौसल्याबाईंचा खोकला थांबत नव्हता. आज शेगडी पेटली नाही तर टाकी भंगारात जाणार, असं मॅनेजरनं सांगून ठेवलं होतं.

प्लांट सांभाळणाऱ्या मिनलनं टाकी अर्धी उपसली, आंबटपणा मारायला चुना घातला. पण मेलेल्या टाकीला चालत्या टाकीतला जिवंत गाळ लागतो. तो आणला संघपालनं. शहरातल्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात तो ऑपरेटर होता. ड्यूटीवरून घरी येताना, गाडीला बांधून, आठवडाभर रोज एक ड्रम. "विरजण समजा," तो म्हणाला होता. आज तो रिकामा ड्रम न्यायला आला होता आणि शेगडी पेटते का ते पाहायला थांबला होता.

"लावू?" मिनलनं विचारलं.

"थांब वं." कौसल्याबाई पदरानं शेगडी पुसू लागल्या.

"आता पुसून काय होते, मावशी? टाका अजून दोन टोपल्या," संघपाल म्हणाला.

"तू चूप बस गा. वास काय तुह्या नाकाले येऊन राहिला होता?"

"माह्यं नाक पंधरा वर्षांपासून सुट्टीवर आहे."

मिनलनं काडी ओढली. फुस्स झालं. दुसरी काडी. उन्हात काही दिसेना. तिनं बर्नरवर तळहात धरला आणि झटकन मागं घेतला.

कौसल्याबाईंनी भाताचं आधण ठेवलं आणि पातेल्याच्या बुडाशी वाकून निळी ज्योत पाहत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण धूर नव्हता.

संघपालनं ड्रम उचलला.

"ठेव खाली. भांडं रिकामं परत देत नसते."

"मावशी, मैल्याचा ड्रम आहे हा."

"म्हनून तं तीनदा घासला." त्यांनी कोपऱ्यातली पिशवी ड्रममध्ये उपडी केली. संत्री धडधडत तळाशी गेली. "पोरायले दे. अन् सालं टाकीत टाकशील तं याद राख."

संघपाल ड्रममध्ये पाहत उभा राहिला.

"यात आजवर कोनी खायचं ठेवलं नव्हतं, मावशी."

त्या अंगणात येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट मिनल टांगत्या काट्यावर तोलायची. सवयीनं तिनं ड्रमही लटकवला. रिकामा असताना तो अडीच किलो भरायचा.

काटा अकरा किलो चारशे ग्रॅमवर थांबला.