नामावली

सातपूरच्या कारखान्यातील दोन सर्व्हरवर आठ आभासी (म्हणजे सॉफ्टवेअरनेच उभे केलेले) संगणक चालवायचे होते आणि त्या सर्वांचा कारभार पाहील असे सॉफ्टवेअर निवडायचे होते. मालक धनराजशेठांची सून मंजुषा हिने जगभरच्या जाणकारांनी मिळून घडवलेले एक मुक्त सॉफ्टवेअर सुचवले. निवड मान्य झाली, तर सर्व्हरच्या खोलीची जबाबदारी तिच्याकडे येणार होती.

"फुकट मिळतं?" शेठांनी चष्म्यावरून पाहिले. "फुकट वाटायला तो काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे? ज्यांना कुणी दारात उभं करत नाही, ते रिकामटेकडे असलं काही बनवत बसतात. सूनबाई, तुमची अक्कल स्वयंपाकघरात चालवा."

पुढच्या आठवड्यात पुण्याहून एक विक्रेता आला. त्याने तेच सॉफ्टवेअर नवे नाव देऊन, देखभालीच्या करारासह पुढे ठेवले. मंजुषेने ते पाहताक्षणी ओळखले. परंतु ती बोलू लागताच सासऱ्यांनी हातानेच तिला गप्प केले आणि करारावर सही ठोकली. मग हे किती जाणकारांनी घडवले आहे ते मिरवायला विक्रेत्याने मूळ निर्मात्यांची नामावली पडद्यावर उघडली. शेठांचे बोट एका ओळीवर थांबले.

"तृप्ती कुटे! अहो, ही तर आपली मराठी बाई! पाहा सूनबाई, याला म्हणतात बुद्धी. शिका काही हिच्याकडून."



लग्नात तबकातल्या तांदळावर 'मंजुषा' लिहायला लावून शेठांनी हट्टाने पुसलेले आणि पुढे स्वतःही विसरलेले ते माहेरचे नाव ती आता केवळ या एका कामाखाली लिहीत असे.