मापाचा खोका

"श्वास सोडा, भाऊजी. गुडघे अजून वर घ्या."

लिफ्टच्या दाराशी फ्रिजचा रिकामा खोका उभा होता आणि त्यात नवरा बसला होता. चार दारं पलीकडे त्याचंच घर होतं आणि घरात बायको. खोका दारापर्यंत सरकवायचा, बेल वाजवायची आणि तिने टेप काढली की आतून फुलांसकट उठायचं, असा तिच्या वाढदिवसाचा बेत होता.

बेत साधा होता, पण नवऱ्याचा जीव टांगणीला लागला होता. गेल्या वर्षी तो तारीख साफ विसरला होता. बायको भांडली असती तर परवडलं असतं. ती आठवडाभर फक्त भांड्यांशी बोलली. कालपासून भांडी पुन्हा वाजायला लागली होती आणि आज सकाळी तर माहेरी न्यायची बॅग कपाटावरून खाली उतरली होती. 'संध्याकाळपर्यंत थांब, मग बघ,' असं मनातल्या मनात म्हणत तो कामावर गेला होता. या वेळी त्याने तारीख थेट मेहुण्याकडून पक्की करून घेतली होती. सख्खा भाऊच सांगतोय म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं?

मेहुणा एका गोदामात पॅकिंगच्या कामाला होता. त्याने खोका गदागदा हलवून पाहिला. नवरा आधी डावीकडे आपटला, मग उजवीकडे. मेहुण्याचा चेहराच पडला.

"छे! माल हलता कामा नये."

"अरे बाळ्या, मी काय काचेचं भांडं आहे?"

"काचेच्या भांड्याला निदान पेंढा तरी भरता येतो."

त्याने कटर काढला. चारही कोपरे वरून खाली चिरले, किल्लीने पुठ्ठ्यावर नवी घडी आखली, बाजू आत दुमडल्या आणि टेप मारली. खोका बुटका झाला. तरी डोक्यावर चार बोटं जागा उरलीच. पुन्हा चिरलं, पुन्हा दुमडलं. मग रुंदीचा नंबर लागला. एका बाजूचा जोड उकलून त्याने वीतभर पुठ्ठा कापून टाकला आणि बाजू पुन्हा जोडली. नवऱ्याची हनुवटी गुडघ्यांना टेकली. फुलं नाकात गेली. शेजारच्या काकू पिशवी घेऊन आल्या, थबकल्या, आणि जन्मात पहिल्यांदाच काही न विचारता आपल्या घरात गेल्या.

"दोन बोटं तरी ठेव रे!"

"हवेला भोकं पाडतो. जागा मात्र मिळणार नाही."

शेवटी त्याने खोका पुन्हा हलवला. आत काही म्हणजे काही हललं नाही. असं पॅकिंग त्याला गोदामातही कधी जमलं नव्हतं. खुशीत येऊन त्याने खोक्याला एक थाप मारली. आतून "आई गं" ऐकू आलं.

दार उघडलं तेव्हा बायकोच्या खांद्यावर पर्स होती आणि हातात ती बॅग.

"बरं झालं, तूच आलास," ती म्हणाली. "मला आईकडे सोड."

"आधी हे उघड, ताई! आज वाढदिवस ना तुझा!"

"काल होता."

मेहुण्याच्या हातातली टेप खाली पडली आणि घरंगळत पार लिफ्टपर्यंत गेली. खोक्यातून दबका आवाज आला.

"बाळ्या, मला परत घेऊन चल."

बायको डोळे विस्फारून खोक्याकडे बघत राहिली. एका भोकातून गुलाबाचा देठ बाहेर आला होता आणि घाबरून थरथरत होता. तिला राग आला होता, कालपासून आला होता, खरंखुरं वाईटही वाटलं होतं. तरी तिला हसू फुटलं. बॅग खाली ठेवावी लागली. डोळे पुसता पुसता ती एकदम थांबली आणि भावाकडे वळली.

"त्यांचं राहू दे. तू रे? सख्खा भाऊ ना तू?"

मेहुण्याने खोक्याचं तोंड टरकन फाडलं आणि एक पाय आत घातला.

"सरका, भाऊजी. पटकन!"

"कुठे सरकू?" आतून आवाज आला. "माल हलता कामा नये ना!"