एक मात्रा पुढे

ऑनलाइन नाच शिकवताना मुलं मागे राहणार, हे गृहीतच धरावं लागतं. मी हात वर नेला की पडद्यावरच्या चौकटींत एकेक हात सावकाश उगवतो. नेटची कृपा.

चौथीतली चिमणी मात्र पुढे असायची. मी गिरकी घ्यायच्या आत तिची गिरकी घेऊन झालेली असे.

"घरी पाठ केलंस वाटतं?" मी आज विचारलं.

"नाही बाई, तुमचंच बघून करते."

"आमचं नेट जरा रडकंच आहे हो," तिची आई आतून ओरडली. "मागे पडली तर खुशाल दटावा!"

म्हटलं, बघू या. नाच थांबवून मी नाटकाच्या तासाचा खेळ घेतला: माझ्या मनाला येईल ते मी करणार, मुलांनी नक्कल करायची.

चिमणीने नाक खाजवलं. माझ्या नाकाला खाज सुटली.

तिने कान धरला. काही झालं तरी कान धरायचा नाही, असं मी ठरवलं. तोवर माझा कान माझ्या हातात होता.

"बाईंनी कान धरला!" बाकीची मुलं खिदळली.

मग चिमणीने हळूहळू मान वळवून मागे पाहिलं. तिच्या मागे नुसती भिंत होती. तरी तिने दोन्ही हात तोंडावर दाबले आणि अंग चोरून ती खाली बसली.

घरात मी एकटी. पाठीमागचं दार मीच आतून लावलेलं.

"चिमणे, काय झालं गं? काय दिसलं?"

"मला कुठे काय, बाई," ती हातांआडून म्हणाली. "मी तुमचंच करतेय."

माझी मान वळायला लागली.