हिरवा ठिपका

दुसरी ताकीद आली त्या दिवशी सिल्वेरियो जेवला नाही.

रोवेनाने भाताची थाळी दोनदा पुढे सरकवली, म्हाताऱ्याने दोन्ही वेळा मान फिरवली. चूक तिची होती आणि लाज वाटत होती त्याला.

"माझा डोळा लागला, इंदाय." चौतिशीच्या लेकीला तो अजून पोरीसारखं इंदायच म्हणे.

"असू द्या, ताताय. माणसाला डुलकी लागायचीच."

"आणि तिसरी आली तर?"

तिसरी आली की नोकरी गेली, हे दोघांनाही पाठ होतं. नोकरी गेली की त्याची औषधं गेली, हेही.

नोकरी घरबसल्या होती. परदेशातल्या कुठल्याशा दुकानाच्या मालाचे फोटो पडद्यावर येत, त्यांना नावं द्यायची. नव्याचे नऊ दिवस रोवेना सातला आंघोळ करून, केस विंचरून बसायची. पुढे पुढे मनच लागेना. चार भिंती, ना कुणाशी बोलणं, ना कुणाची चेष्टा. काम दुपारपर्यंत संपे, पण सहा वाजेपर्यंत खुर्ची सोडायची सोय नव्हती. माऊस पाच मिनिटं हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा व्हायचा, आणि दहा मिनिटं झाली की लेखी ताकीद. पहिली ताकीद तिने कुंपणापाशी शेजारणीशी गप्पा मारताना ओढवून घेतली होती.

तोडगा काढला सिल्वेरियोने. एस्टान्सिया गावच्या किनाऱ्यावर मासेमारीची जाळी विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने मारलेली गाठ उभ्या जन्मात सुटली नव्हती. पण दोन वर्षांमागे त्या हातांना कंप सुटला आणि चमच्यातलं सूपही तोंडापर्यंत पोचेनासं झालं. पहिली ताकीद आली त्या दिवशी त्याने थरथरता हात माऊसवर ठेवला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. ठिपका हिरवागार.

"बघ. बसल्या जागी मला नोकरी लागली."

तेव्हापासून म्हातारा रोज दाढी करून घ्यायचा. लेक दोन घास खाऊन उठली की तिच्या खुर्चीत ताठ बसायचा. आणि रोवेना सटकायची! आधी अर्धा तास, मग तास, मग दोन. ठिपका तिच्या फोनवरही दिसे. हिरवा म्हणजे ताताय जागेवर आहेत, ठीक आहेत. वेगळा फोन करायची गरजच उरली नाही. आणि मग ती डुलकी लागली.

त्यानंतर चार दिवस रोवेना खुर्चीला खिळून बसली. पाचव्या दिवशी जोनालिनचा निरोप आला. जोनालिन तिची लहानपणची मैत्रीण, दुबईहून आठ दिवसांसाठी आलेली आणि उद्या परत निघालेली. किनाऱ्यावर जेवण आहे, गाणी आहेत, ये. रोवेना नाही म्हणाली. सिल्वेरियो ऐकेना.

"जा. घरात बसून बसून तुझं तोंड सुकलंय."

त्याचाच चेहरा उतरला होता. तो छाती चोळत होता. तिने विचारलं तेव्हा म्हणाला, वारा धरलाय, तेल चोळलं की जाईल. तिने तेल चोळून दिलं. मग त्याने नायलॉनच्या दोऱ्याची जुनी पेटी मागितली. दोन वर्षांत त्याने त्या पेटीला हात लावला नव्हता. रोवेनाला बरं वाटलं, म्हाताऱ्याच्या हाताला चाळा होईल, डोळा लागणार नाही.

"आणि टेबलावरचा पंखा फिरता ठेव. एकाच अंगाला वारा लागतोय."

तिने पंख्याची कळ दाबली. पंखा मान वळवू लागला.

"नीघ आता," तो म्हणाला. "आज पिवळा व्हायचा नाही."

किनाऱ्यावर ती आधी दर पाच मिनिटांनी फोन बघत होती. सव्वादोनला ठिपका पिवळा झाला. ती चपला शोधू लागली. एक चप्पल पायात जाईपर्यंत तीनेक मिनिटं गेली असतील. बघते तर ठिपका पुन्हा हिरवा.

"जागे झाले वाटतं," ती हसून म्हणाली.

त्यानंतर ठिपका एकदाही पिवळा झाला नाही. तिने एक गाणं म्हटलं, मग दुसरं. चारला ती उठली तेव्हा जोनालिनने तिच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं.

"अगं, म्हातारा तुझ्यापेक्षा मन लावून काम करतोय. बस की गपचूप."

ती बसली. किती महिन्यांनी ती एवढी हसत होती.

साडेपाचला तिने वाटेत त्याच्या आवडीचं बाचोय सूप बांधून घेतलं, गरम गरम, वर भरपूर तळलेला लसूण घालून. घरात शिरली तर तो तिच्याकडे पाठ करून खुर्चीत बसलेला, डोकं जरासं पुढे झुकलेलं. पलीकडे पडद्यावर ठिपका हिरवा.

"ताताय, कमाल केलीत हो," ती वाडग्यात सूप ओतता ओतता म्हणाली. "एवढा वेळ तर मीपण बसत नाही. उठा आता, आज मी भरवते."

तो उठला नाही. वाडगा घेऊन ती पुढे आली. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते थरथरत नव्हते. तिने हात धरला, तो केव्हाचा गार पडला होता.

टेबलावर माऊस मात्र सरकत होता.

पंख्याच्या जाळीपासून माऊसपर्यंत नायलॉनचा दोरा ताणलेला होता. टोकाला एकावर एक सात-आठ गाठी होत्या, वेड्यावाकड्या, लहान पोराने माराव्यात तशा. पंख्याने मान वळवली, माऊस डावीकडे गेला. पंखा परत फिरला, माऊस उजवीकडे आला, आणि ठिपका हिरवाच राहिला.