टोपलीपेक्षा मोठा हात

परीक्षेची चित्रं तपासता तपासता बागूल सरांना दुपारपासून काहीच वाटेनासं झालं होतं. टेबलावर अ, ब, क श्रेणीचे नमुने मांडलेले. हातातलं चित्र ज्याच्याशी जुळेल, त्या गठ्ठ्यावर टाकायचं. उरलेली नापास.

विषय ‘बाजार’. एका चित्रातल्या भाजीवालीचा हात तिच्या टोपलीपेक्षा मोठा होता. सर थांबले.

“प्रमाण साफ चुकलंय,” शेजारी तपासत बसलेल्या बाई डोकावून म्हणाल्या.

“हो ना,” म्हणत सरांनी ते नापासांत टाकलं.

संध्याकाळी घरी बायकोनं चहा पुढे केला. “चारशे चित्रं बघितलीत. एखादं तरी आवडलं?”

सरांना एक सोडून काहीच आठवेना. कप धरलेल्या तिच्या हाताकडे ते बघत राहिले.

“एक होतं,” ते म्हणाले. “नापास केलं.”